विहीणबाईंसाठी आणलेली मोसंबी

हॅलो?… हॅलो!… कोण, दीपा?… अगं मोठ्यानं बोल की. मांजरावानी काय बोलतीयास?… मोरीतनं? मोरीत हुबी ऱ्हाऊन फोन करत्यात व्हय? पाण्यात पडला म्हंजी?…

कोण आलंय?… कोण हरणाबाई?… आपली? भावकीतली?… तुझ्या घरात? साताऱ्यात?…

मोसंबी घिऊन. बरं. मंग?… कुणाला बघाय?…

तुझ्या सासूला?

…

हाय, हाय. फोनवरच हाय. बोल तू.

अगं ऐक ना… ओरडू नगंस. आईवर ओरडत्यात व्हय?… व्हय, मीच सांगितलं. तुझी सासू आजारी हाय म्हणून मीच सांगितलं तिला… मंग काय सांगायचं व्हतं? गेल्या बेस्तरवारी मी आन् जयराज एष्टीला हुबं. मी इरकली नेसलेली, हातात पिशवी. आली ही चपला वाजवत, ‘कुठं निगाली मायलेकरं?’ आता काय म्हणू? माझा ल्योक दारू सोडाय निगालाय, वाजंत्री लावा? म्हनलं, दीपाच्या सासूच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात ठिवलीया, बघून येतो. झालं. तोंडाला आलं ते बोलले.

मंग कुणाला आजारी पाडू?… सासऱ्याला? त्यो देवमाणूस हाय, त्येला कशाला? तुझी सासू जात्याच्या तळीवानी हाय. तिला काय हुतंय!…

आन् ही साताऱ्यात टपकली कशी?… पेन्शनच्या कामाला. व्हय व्हय, नवरा मिलिट्रीत व्हता न्हवं. त्यो सुटला बिचारा. आन् ही दरसाली कचेरीत जाऊन अंगठा लावती, मी जित्ती हाय म्हणून. समद्या गावाला ठावं हाय ती जित्ती हाय, एका सरकारलाच शंका…

न्हाई गं, तिचं तसं बरोबर हाय. आलीच हाय साताऱ्यात तर आजारी माणसाला भेटून जावं. रीत हाय. मीबी गेले असते. फकस्त मी मोसंबीबरोबर नारळबी नेला असता. तिला कुठलं सुचायला…

आन् तुझी सासू काय करत व्हती?… गच्चीवर? गोधड्या वाळत घालत?… एकटीनं पिळल्या?… आन् ही मोसंबीची पिशवी घिऊन वर गेली? थेट?… काय म्हनली?… ‘आवं, तुमाला उठाय दिलं व्हय?’… अगं बाई. आन् सासू काय म्हनली?… ‘मला काय धाड भरलीया!’… तशीच बोलायची ती. तिच्या तोंडाला कवा टाळं व्हतं?

बरं, बरं. घाबरतीयास काय येवढी. सांग तिला, डिस्चार्ज मिळाला म्हणावं. हल्ली छाती फाडली तरी दुसऱ्या दिवशी चालवत्यात… टाके? टाके आतनं असत्यात म्हणावं… मंग एक काम कर, सासूला म्हणावं, घटकाभर पड. अंगावर पांघरूण घे आन् जरा कण्ह. काय झिजतीया का तेवढ्यानं?… काय?… ‘तुझ्या आईला सांग, मीच तिला बघाय येती’? आसं म्हनली?… ये म्हणावं! मीबी मोसंबी सोलून ठिवते!…

आता काय इचारतीया ती हरणाबाई?… मंग मायलेकरं गेलती कुठं, आसं?… लय नाक लांब हाय तिचं. गावात कुणाची चूल कवा पेटली, हिला धुरावरनं कळतंय.

काय सांग?… खरं?

खरं सांग म्हणं! दीपा, तुझं डोकं ठिकाणावर हाय का? उद्या सकाळच्या पाण्याला समद्या आळीला कळंल. पाटलांच्या शालूबाईचा ल्योक दारुडा. आजवर एक अक्षर भाईर जाऊ दिलं न्हाई मी. कावीळ म्हनलं, डेंगी म्हनलं, मणका सरकला म्हनलं. सून औंधाला जाऊन बसली, तर म्हनलं शिवांजलीला यमाईचं नवरात्र हाय. नवरात्र सरलं, दिवाळी गेली, यमाईबी कटाळली असंल, पर म्या तोंड उघडलं न्हाई. आन् तू म्हणतीस खरं सांग. तुझ्या त्या दारू सोडायच्या मीटिंगनं तुझंबी डोकं नासवलंय…

तुला काय ठावं गं आत काय झालं? तू तर दारापतोर सोडलंस आन् मागं फिरलीस. आन् शोधली कुठनं, तर दवाखान्याच्या भिंतीवर कागद चिकटवला व्हता. मूळव्याधीच्या जाहिरातीखाली! असल्या भिंतीवर माणूस पोराचं नशीब शोधतंय व्हय?… व्हय, इस्लामपूरलाबी मीटिंग हाय, सांगितलीस तू. इस्लामपूर माझं म्हायेर हाय. तिथं जाऊन भावजयीच्या तोंडात साखर घालू? म्हणून तर साताऱ्याला आले, येवढ्या लांब.

ऐक आता. शाळेची खोली. बाकडी भिंतीकडंला सारलेली आन् खुर्च्या गोल मांडलेल्या, लगनात पंगतीला बोलवायच्या आधी म्हातारी बसत्यात तशा. म्हनलं, टेबल कुठाय? अध्यक्ष कुठं बसणार?… मंग? आपल्याकडं सोसायटीची मिटिंग असली तरी हार-नारळ असतोय. मी तर शाल, नारळ, फेटा, समदं पिशवीत घालून नेलं व्हतं. म्हनलं मोठा डॉक्टर असंल, पयला सत्कार करावा, मंग पोराकडं नीट ध्यान दील. तर त्यो एक आकाराम म्हणून, मिशा ह्या येवढ्या, म्हणतो कसा, ‘आई, हितं डॉक्टर कुणी न्हाई. आमी समदे पिणारंच.’

पिणारंच! ऐकतीयास न्हवं? आंधळ्याला आंधळा वाट दावणार!… सोडलेले व्हय, सोडलेले. पर मूळचे पिणारंच की. हिरीत पडलेल्यानं पोहाय शिकवायचं म्हंजी…

फेटा? आणला परत. माझा फेटा काय वाऱ्यावर हाय? नारळ तेवढा त्येनी मागून घेतला, फोडला आन् च्याबरोबर खोबरं वाटलं. च्याबरोबर खोबरं! कुणी शिकवलं न्हाई त्यास्नी.

आन् नाव इचाराय लागले. म्हनलं, मी पाटलांची शालूबाई… तर लगीच, ‘आई, आडनाव नगं, गाव नगं, नाव बास.’ अगं, आडनाव न्हाई, गाव न्हाई, तर माणूस वळखायचा कशावरनं? बाजारात बैल घ्यायचा म्हनलं तरी कुणाच्या दावणीचा म्हणून इचारत्यात. मी तरी शेजारच्या एकाला इचारलंच हळू, ‘कंच्या गावचं तुमी?’ तर निसता हसला. सांगितलं न्हाई. मनगटात कडं, इस्तरीची कापडं, चांगल्या घरचा दिसत व्हता गं. पाहुण्यातला निगाला असता एखाद्या वक्ती… न्हाई, परत न्हाई इचारलं. दोनदा इचारलं फकस्त.

मंग हुबं ऱ्हायचं एकेकानं. ‘मी आकाराम. मी दारुडा हाय.’ की समदे म्हणणार, ‘नमस्कार आकाराम!’ दारुडा हाय म्हणतोय आन् नमस्कार! आमच्यात दारुडा दिसला तर बाया दार लावून घेत्यात. मंग दुसरा हुबा. ‘मी जोतिबा. मी दारुडा हाय.’ ‘नमस्कार जोतिबा!’ डोंगरावरच्या देवाला काय वाटलं असंल गं? आन् त्यो सांगतोय काय, तर बायकोचं डोरलं इकून प्यालो. आसं चारचौघांत? आपल्यात असलं झालं तर पयलं सोनाराचं तोंड बंद करत्यात, मंग पोराचं.

…मला रडू? मी कशाला रडंन? त्या खोलीत धुरळा व्हता. शाळेत झाडत न्हाईत कुणी.

मंग आला नंबर जयराजचा… तेच सांगते की. हुबा ऱ्हायला. मुंडी खाली. पोरगं बोलंना. समदी वाट बघत्यात. आता त्येला आसा टांगून ठिवायचा व्हय? मंग मीच बोलले… मंग काय करू? आजवर त्येच्या तोंडचं समदं मीच बोललीया. कारखान्यात सायबाला मीच बोलले, औंधाच्या पाहुण्यास्नी मीच बोलले. म्हनलं, ‘ह्यो तसला न्हाई. घरंदाज हाय. मागं कावीळ झालती, तवापासनं अंगात ताकद न्हाई. कुणीतरी औषधावानी घ्याय सांगितली, तेवढीच घेतो…’ हसू नगंस!… हसतीयासच तू. मोरीतनं आवाज घुमतोय तुझा.

तर त्यो मिशावाला म्हणतो, ‘आई, त्येचं त्येला बोलू द्या.’ मला! माझ्या पोराच्या आन् माझ्या मधी कोण ह्यो? म्हनणारच व्हते मी. तेवढ्यात बोलला आपला.

…सांगितलं न्हाई तुला त्येनं? कसा सांगंल. म्हनला, ‘मी जयराज. मला कावीळ झालेली न्हाई.’

बास. येवढंच. आन् बसला खाली.

आन् टाळ्या! दीपा, टाळ्या वाजवल्या समद्यांनी. आईला चारचौघांत खोटं पाडलं म्हणून टाळ्या. कुस्ती मारली व्हती व्हय? त्यो कड्यावाला तर डोळं पुसत व्हता. लाज न्हाई.

परत येताना एष्टीत बसलो. उकडलेल्या शेंगा घेतल्या, सोलून सोलून त्येच्या हातात देत बसले. मूठ झाकून बसला कराडपतोर. खाल्ला न्हाई एक दाणा. चाळिशीला टेकलाय, पर रुसायचं त्येच.

…आज? आज मी न्हाई पाठवला. त्योच निगाला. सकाळधरनं दाढी, आंघूळ, धुतलेलं कापड. म्हनलं, थांब, मी इरकली नेसते. तर म्हनला, आज घरच्या माणसांनी बसायचं न्हाई, तेवढी मुभा गेल्याच बारीला व्हती. गेला एकटा. पयल्यांदा गेला गं एकटा, त्येच्यामागं कुणाला धाडलंबी न्हाई मी… व्हय, घेतली न्हाई मधल्या दिसांत. रातचा घाम येतोय, अंथरूण भिजतंय, पर न्हाई घेतली. म्हणून काय झालं? माळ घातली तवाबी आठवडाभर दम काढला व्हता, मंग माळ खुंटीला आन् ह्यो गुत्त्याला. यमाईच्या पायावर हात ठिवून बोलला व्हता, तिथनं उतरताना वाटंत घेतली. देवीला जमलं न्हाई ते त्या खुर्च्यांला जमणार व्हय?…

काय वाजतंय गं?… दुसरा फोन? घे की मंग. मी हाय हितंच. म्हशीला पाणी दावायचं ऱ्हायलंय, दावते तंवर…

…

हां, बोल. कोण व्हतं?… जयराज? पोचला व्हय? कुठंशी हाय?… कोपऱ्यावर. मंग ये म्हणावं आत, च्या घे आन् जा… का? का येत न्हाई?…

हरणाबाई दिसली? कुठनं?… गच्चीवर हाय ती? काय करतीया?… गोधडी पिळू लागलीया तुझ्या सासूला! कमाल हाय बाई. आजारी माणसाला बघाय आली आन् धुणं धुवाय लागली.

मंग? मंग काय म्हणतोय जयराज?… मागं जातो? कुठं मागं?… ष्ट्यांडवर?

दीपा, ऐक. त्येला ष्ट्यांडवर जाऊ दिऊ नगंस. समोर काय हाय मला ठावं हाय. गेल्या बारीला त्या अंगानं मी चालत व्हते, पदर आडवा धरून, त्येला गुत्त्याची पाटी दिसू नये म्हणून… बाई, घरात पाहुणी हाय तर हाय. पळ की खाली!… न्हाई थांबणार म्हनला?

नेमकं काय म्हनला? शबुद न् शबुद सांग.

…

‘हरणाकाकूला आता काय सांगू? कावीळ सांगू का डेंगी, आईला इचार.’

आसं म्हनला?… माझं नाव घेतलं?…

…

हाय. हाय मी.

न्हाई, तू नगं जाऊस. तू गेलीस की त्यो तरातरा चालाय लागंल, लहानपणाधरनं बघतीया. मोरीतनं भाईर ये. गच्चीवर जा. हरणाबाईकडं फोन दे… दे म्हणते न्हवं! मी काय सांगायचं ते मी बघीन. तू मधी तोंड घालू नगंस. आन् सासूला म्हणावं, गोधडी खाली ठिव.

…

हां. हरणाबाई?… व्हय, मी शालू. बरी हाय. तुमी बऱ्या?… लागला का अंगठा? जित्त्या हायसा म्हणायचं. बरं झालं, आमास्नी शंका व्हती…

आवं, ऐका. विहीणबाईंला काय बी झालेलं न्हाई… न्हाई, छातीबिती काय न्हाई. रेड्याची छाती हाय तिची, तुमी बघितली की… ऐकू दे तिला. व्हय, खोटंच सांगितलं मी… का म्हंजी? तुमाला सांगायचं म्हंजी देवळाच्या भोंग्यावर सांगायचं… न्हाई, चुकलं बिकलं काय न्हाई. घर राखायचं तर चार गोष्टी झाकाव्या लागत्यात. तुमीबी झाकल्याच की, काढू का?… मंग गप ऐका.

जयराज दारू पितोय.

…

काय?… ठावं हाय?… कुणाला, तुमाला?… समद्या गावाला? कवापासनं?…

आन् मंग मी कावीळ म्हनलं तवा ती उतरवाय माणूस घिऊन आलतासा, ते?… माझ्या तोंडाकडं बघून? म्हंजी मी सांगायची आन् तुमी समद्यांनी माना हालवायच्या?… येवढ्या वर्सांत एकीलाबी वाटलं न्हाई, शालूबाईला म्हणावं, बाई गप आता?… भ्या वाटत व्हतं. माझं?… ते बाकी बरोबर हाय.

लय शहाण्या हायसा तुमी. तुमची दया तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, मला नगं. एक काम करा फकस्त. गच्चीच्या कठड्यापाशी जावा. कोपऱ्याकडं बघा. जयराज दिसतोय का?… पाठमोरा. चाललाय?… मंग हाक मारा त्येला… काय म्हणून म्हंजी? नाव घिऊन मारा! म्हणा, समदं ठावं हाय, कुणाला काय सांगायची गरज न्हाई, मीटिंगला जा म्हणावं… मोठ्यानं, मोठ्यानं! एरवी तुमचा आवाज वेशीपतोर जातोय, आज काय घशात गोधडी आडकली?…

हां. आसं. आणिक एकदा.

…

वळला?… वळला का? बोला की!…

हुबा ऱ्हायलाय. कुणाकडं बघतोय?… हात कशाला करतोय?… येतोय?…

बरं.

न्हाई, काय न्हाई. हितं धुरळा हाय जरा, म्हशीनं उडवलाय… ऐका, त्येला काय इचारू नगासा. कवापासनं, किती, कशापायी, काय नगं. त्यो मिशावाला इचारंल काय ते. च्या द्या आन् येळंवर जाऊ द्या. आन् आळीत काय सांगायचं ते सांगा खुशाल, पर नीट सांगा. शालूबाईचा ल्योक मीटिंगला जातोय म्हणावं. तिथं समदे घरंदाज असत्यात. एकाच्या मनगटात कडं व्हतं…

आन् ती मोसंबी विहीणबाईंला दिऊ नगासा. आजारी जयराज हाय. त्येला द्या.

…न्हाई, सोलून न्हाई द्यायची. त्येची त्यो सोलंल.

ठेवते.